परवचा ऐकणारी माणसे

‘परवचा’ म्हणजे काय, हे हल्ली घरातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. दिवेलागणीची वेळ, देवापुढे मिणमिणणारे निरांजन, शुभंकरोती आटोपलेली, आणि मग ओसरीवर मांडी घालून पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे हे सारे एका सुरात म्हणायचे, याचे नाव परवचा. तो म्हणणाऱ्या मुलांच्या आठवणी आपल्याकडे पुष्कळांनी लिहिल्या आहेत. ऐकणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षणाची हकीकत सांगायची झाली, तर मला त्यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

आमची आजी दारव्हा तालुक्यातली. तिला अक्षरओळख नव्हती. पण संध्याकाळी वाती वळत ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली, की आम्हा भावंडांची औटकीतून सुटका नसे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. धाकट्या भावाने ‘सात औटे साडेतेवीस’ म्हटले, की वात हातातच थांबे. “कायले घाई करतं? पुन्हा म्हन,” ती म्हणायची. तिला चूक कळे ती दोन वाटांनी. एक सुराची, वर्षानुवर्षे ऐकलेल्या पाढ्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तो कानाला खुपतो. दुसरी वाट बाजाराची. अडीच आणे शेराच्या भावाने साडेतीन शेर घेतले तर पावणेनऊ आणे होतात, हे तिला वाणी तोंड उघडायच्या आत ठाऊक असे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी पुस्तकातली शोभा नव्हती. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया अशा जगात ती रोजच्या उपयोगाची हत्यारे होती, आणि ती जशी मास्तरांजवळ होती तशीच आजीजवळही होती.

ही रीत फार जुनी. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले लाकडी धूळपाटीवर काडीने अक्षरे गिरवीत आणि पाठांतर मोठ्याने म्हणत. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, त्यानंतर सरकारी शाळा हळूहळू निघू लागल्या. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. शाळा बदलली, पाटी बदलली, पण संध्याकाळचा परवचा घराकडेच राहिला.

तरी तो सगळ्यांच्या घरी होता असे मुळीच नव्हे. ज्या घरातली मुले शाळेची पायरी चढलीच नाहीत, तिथे परवचा कुठून असणार? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच सांगितले, की सरकारचा महसूल रयतेकडून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या थरातल्यांच्या पदरात पडते. खेड्यातल्या शाळेत मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती असे विषय असावेत, ही त्यांची मागणी होती. त्या यादीकडे मी जेव्हा पाहतो तेव्हा वाटते, ज्यातले निम्मे तरी शेतकरी आईबापांना स्वतःच्या अनुभवाने पारखता येईल, असे ते विषय आहेत.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. तिथे १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असा तिचा गाभा. टकळी आणि सूत यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. पण ज्या मुलुखात घरोघरी कापूस येतो, तिथे घरातले काम शाळेत नेण्याची ही कल्पना मला अजूनही थट्टेची वाटत नाही.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला आणि नवे पैसे आले. मी तेव्हा तिसरीत होतो. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, असे गणित निघाले. आजी म्हणाली, “तो वरचा सव्वा कुठं हाय, दाखव बरं.” तो पाव पैसा कुणालाच दाखवता येईना. पाठोपाठ शेर, मण जाऊन किलो आले. दशमान पद्धत सोपी, हे कोण नाकारील? परंतु शाळेतून औटकी हळूहळू बाहेर गेली, तशी आजीही बाहेर गेली. अपूर्णांक आता टिंब देऊन लिहिले जाऊ लागले. “हे तुमचं नवं हाय, मले नाही समजत,” असे म्हणून तिने अभ्यासातून आपले अंग काढून घेतले. सुधारणेच्या हिशेबात ही खर्चाची बाजू कोणी मांडलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच सुमारास, १९५६ साली, यवतमाळ मुंबई राज्यात आले आणि राज्यघटनेत ३५०-अ हे कलम दाखल झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. आपल्या जिल्ह्यात याची निकड मोठी. केळापूर, झरी-जामणीकडच्या कोलामांच्या पोडात कोलामी बोलतात. ती द्राविडी कुळातली. एमेनो या भाषापंडिताने १९५५ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी चालते. अशा घरातले मूल पहिलीत जाते तेव्हा पुस्तक त्याच्याशी परक्या बोलीत बोलते. मग कोणी शहाणा आईला सल्ला देतो, की घरी लेकराशी मराठीच बोलत जा. मला हा सल्ला अगदी चुकीचा वाटतो. मोडक्या मराठीत आई काय सांगणार? कोलामीत तिच्याजवळ गोष्टी आहेत, झाडापाखरांची नावे आहेत, हिशेब आहेत. तिने तिच्या बोलीत विचारावे आणि मुलाने धड्यातली गोष्ट त्या बोलीत उलगडून सांगावी. असे सांगताना त्याला धडा आपोआप दुसऱ्यांदा वाचावा लागतो.

ही गोष्ट ताराबाई मोडकांनी नेमकी ओळखली होती. विवाहानंतर काही वर्षे त्या शेजारच्या अमरावतीत होत्या. पुढे गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतले आणि ‘शिक्षणपत्रिके’तून त्या पालकांसाठी लिहीत राहिल्या. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी जे केले, त्यातली अंगणवाडी आज देशभर पोहोचली आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. अंगणात वर्ग भरला की दाराशी उभी असलेली आई आपसूकच ऐकू लागते.

आता कायद्याने पालकाला मोठे स्थान दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण निम्म्या स्त्रिया. तरीही समितीच्या सभेला जाऊन आलेली बाई घरी मुलीची वही उघडायला बिचकते. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा या बिचकण्याची किंमत कळली. घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात शेतावर. ज्या घरांत कोणी “काय वाचतं, मोठ्यानं वाच” एवढे म्हणणारे होते, तिथली मुले त्या दिवसांत पुस्तकापासून फार लांब गेली नाहीत, असे माझ्या ओळखीच्या घरांपुरते तरी मी सांगू शकतो. त्या म्हणणाऱ्यांत वाचता न येणारेही होते. भाकरी थापता थापता ऐकायचे, मध्येच “मग पुढं काय झालं?” विचारायचे, एवढेच.

दिवाळी झाली की आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर मिळते. आमच्या शेजारची चौथीतली पोर गेल्या वर्षापासून आईच्या वेचणीचा हिशेब एका वहीत मांडते: तारीख, किलो, भाव, मजुरी. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या रात्री ती तो आईला वाचून दाखवते. आई चुलीपाशी असते, वहीकडे बघतही नाही. एकदा मी ओट्यावर बसलो होतो. पोरीने मंगळवारचे अठरा किलो वाचले, तशी आतून आवाज आला, “मंगळवारी सोळाच भरला होता माय. पाहाय बरं नीट.”