रांग दिसली पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रॉकेलच्या रांगेत ज्यांनी सकाळच्या सकाळ घालवल्या आहेत, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. रांग लांब असल्याचा त्रास होतोच. पण त्याहून जास्त त्रास होतो तो दुकानात आत काय चाललंय हे न दिसण्याचा. माल संपला की काय? मागच्या दारानं कुणी डबे भरून नेतंय का? संगणकाच्या इतिहासातही अशी एक रांग आहे. ती लोकांच्या नजरेला पडावी म्हणून झालेल्या खटपटीची हकिगत आज सांगायची आहे.

१९६४ साली मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा मोठा संगणक आला. देशातल्या अनेक संस्थांची आकडेमोड तिथं होऊ लागली. अशा यंत्रांवर काम करण्याची तेव्हाची जगभरची रीत साधारण एकच होती. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवायचा, दर ओळीला एक कार्ड. गठ्ठ्याला रबर लावायचं आणि खिडकीत नेऊन द्यायचा. आत ऑपरेटर गठ्ठ्यामागून गठ्ठा यंत्राला भरवणार. उत्तराचा छापील कागद काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढंच कळायचं, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला! मधल्या वेळात आपला गठ्ठा कुठं पोचला हे एकट्या ऑपरेटरला ठाऊक. त्याच्याशी ओळख ठेवणं हीसुद्धा एक विद्याच म्हणायची.

ही खिडकी बाजूला सारण्याचा प्रयत्न त्याआधीच अमेरिकेत सुरू झाला होता. १९६१च्या नोव्हेंबरात एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. यंत्र आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटायचं आणि प्रत्येकाला वाटायचं की ते आपल्यापुरतंच आहे. टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर एक हुकूम टाइप करायचा, उत्तर तिथंच उमटायचं. यंत्रात आत काय चाललंय हेही आता विचारता येऊ लागलं. पुढं युनिक्समध्ये त्यासाठी पीएस हा हुकूम आला. १९८४ मध्ये विल्यम लफेव्हर यांनी टॉप लिहिला. यंत्राला सर्वांत जास्त कुणाचं काम राबवतंय, ते तो क्रमवारीनं दाखवतो. आजही तो रोज वापरला जातो.

पण हवामानाचं किंवा विमानाभोवतीच्या हवेचं गणित दिवसच्या दिवस चालतं. असं काम वेळ वाटून भागत नाही. यंत्राचा मोठा भाग त्याच्या एकट्याच्या ताब्यात द्यावा लागतो. म्हणजे रांग परत आली. नासाच्या एम्स केंद्रासाठी १९९१ मध्ये पीबीएस या प्रणालीचं काम सुरू झालं. तिच्यात क्यूस्टॅट हा हुकूम दिला, की एक साधा तक्ता समोर येतो. कामाचा क्रमांक, नाव, मालकाचं नाव, खर्च झालेला वेळ, आणि एक अक्षर. क्यू म्हणजे रांगेत, आर म्हणजे चालू. कुणालाही काही विचारायला नको.

१९९४ मध्ये नासाच्याच गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातले १६ साधे संगणक तारांनी जोडून बेवुल्फ उभा केला. अशा जोडसंगणकाला क्लस्टर म्हणतात. महासंगणक न परवडणाऱ्या विद्यापीठांनाही आता क्लस्टर मिळाला, आणि त्याच्याबरोबर रांगेची भांडणंही.

इथं प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही. आधी आला तो आधी, हा नियम सरळ दिसतो. पण एकानं सकाळीच पाचशे कामं टाकली, तर बाकीच्यांनी काय करायचं? १९८८ मध्ये ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी न्याय्य वाटणीची एक पद्धत मांडली. ज्यानं अलीकडे जास्त वापरलं, त्याचा नंबर मागं सरकतो. १९९५ मध्ये अरगॉन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड लिफ्का यांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. वीस माणसांचं कुटुंब एकत्रच जेवणार म्हणून खोळंबलं असेल, तर त्यांच्यासाठी अडवलेल्या पाटांवर झटपट उठणाऱ्या दोघांना बसवून घ्यायचं. मात्र दोघांनी आपण किती वेळात उठू हे खरं सांगायला हवं. संगणकावर वेळ कमी सांगितली, तर मुदत संपताच काम मारलं जातं. सहा दिवसांची आकडेमोड वाया जाऊ शकते. भीतीनं लोक दोन तासांच्या कामाला चोवीस तास लावतात, आणि अशा फटींत मग त्यांना शिरताच येत नाही.

अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००० नंतर तयार झालेल्या स्लर्म या प्रणालीनं तक्त्यात आणखी एक रकाना घातला, कारणाचा. माझ्या मते हीच सर्वांत मोठी सुधारणा. तिचा एसक्यू हा हुकूम दिला की खोळंबलेल्या कामापुढं पीडी दिसतं आणि कंसात खोळंब्याचं कारण. रिसोर्सेस असेल तर जागाच रिकामी नाही. प्रायॉरिटी असेल तर तुमच्यापुढं कुणाचा तरी हक्क मोठा आहे. १९९१ मध्ये परम ८००० घडवणाऱ्या पुण्यात आज परम ब्रह्म हा महासंगणक आहे, तिथंही स्लर्मच चालतं.

काही ठिकाणी इतरांची कामं झाकून आपापलीच दाखवतात. मला ते पटत नाही. त्यात जुन्या खिडकीचा वास येतो. उघड्या रांगेचाही एक उपद्रव आहे म्हणा. अधीर मंडळी दर सेकंदाला एसक्यू चालेल अशी सोय करून बसतात, आणि रांग सांभाळणारा प्रोग्रॅम त्या चौकशांनीच जेरीला येतो. मग व्यवस्थापकाची सर्वांना एक ईमेल येते. कोण किती वेळा विचारत होतं, त्याचीही नोंद त्याच्याकडं असू शकते.