बाबांचा कान आणि लॅम्डा सेन्सर

आजचा एपिसोड अंगठ्याएवढ्या एका वस्तूवर आहे. घरच्या पेट्रोल गाडीत ती असते, २०२० नंतर घेतलेल्या बाईकमध्येही असते, पण बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसते. तिचं नाव ऑक्सिजन सेन्सर. जुने इंजिनीअर तिला लॅम्डा सेन्सर म्हणतात. मागच्या महिन्यात आमच्या नांदगाव पेठच्या अंगणात मी ती स्वतः बदलली. त्या निमित्ताने तिचा इतिहास वाचत गेलो आणि तो थेट आमच्या घरात येऊन थांबला.

झालं असं. लहान भाऊ एमआयडीसीत शिफ्टला जातो. गाडी २०१८ ची, सेकंड हॅन्ड पेट्रोल. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, अ‍ॅव्हरेज पडलं, पीयूसीत गाडी नापास झाली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, पूर्ण बदला." आकडा ऐकून भाऊ गप्पच बसला. त्याच्या पगारात तो बसत नव्हता.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. बाबा मिस्त्री. अमरावती-नागपूर हायवेवरच्या गॅरेजात त्यांनी फियाट आणि अँबॅसेडर दुरुस्त करण्यात उमर घालवली. ते एवढंच म्हणाले, "न पाहता कसा काय गेला बाप्पा?"

कानाने चालणारी गाडी

पेट्रोल नीट जळायला हवेचं एक माप लागतं. १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर गाडी झटके मारते. बाबांच्या काळात हे माप कार्ब्युरेटर ठरवायचा आणि कार्ब्युरेटर ठरवायचा मिस्त्रीचा कान. स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, इंजिनचा आवाज एकसारखा होईपर्यंत. मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. बदामी असला तर बरोबर, काजळी धरली तर पेट्रोल जास्त.

पण हे माप उभ्या गाडीचं. घाट लागला, ऊन वाढलं, चार माणसं बसली की हिशेब बदलतो. मिस्त्री काही बॉनेटमध्ये बसून सोबत येत नाही.

लॉस एंजेलिसचा धूर

आता थोडं लांब जाऊ. १९५० च्या आसपास अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरणारं धुकं बसायचं. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की हे विषारी धुकं तयार होतं. १९७० मध्ये अमेरिकेने हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा केला आणि १९७५ पासून तिथल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले. सायलेन्सरच्या वाटेत एक जाळीदार डबा, त्यावर प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा पातळ थर. धुरातला विषारी वायू तिथे बदलून बाहेर पडतो.

पुढे तीन प्रकारचे वायू एकदम साफ करणारा कन्व्हर्टर आला. त्याची अट मात्र कडक होती: हवा-पेट्रोलचं माप सतत १४.७ च्या अगदी जवळ हवं. एवढं काटेकोर काम कानाचं नाही.

उत्तर एका जुन्या दिव्यात सापडलं. १८९७ मध्ये जर्मनीत वॉल्टर नर्न्स्ट यांनी झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा बनवला होता. ही चिनी मातीसारखी वस्तू थंड असताना वीज नेत नाही, तापली की नेते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाने बारीकसा व्होल्टेज तयार होतो. पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१. बॉश कंपनीने यातून सेन्सर घडवला आणि १९७६ मध्ये तो व्होल्वोच्या गाड्यांत बसला. गाडीचा कंप्युटर तो व्होल्टेज वाचतो आणि पेट्रोल कमीजास्त करतो. १९८२ मध्ये बॉशने सेन्सरच्या पोटात हीटर घातला, म्हणजे गाडी चालू केल्यावर तो लवकर तापून कामाला लागतो.

पेट्रोलमधलं शिसं

कन्व्हर्टर आणि सेन्सर या दोघांचा एक शत्रू होता, शिसं. इंजिन ठोकू नये म्हणून १९२० च्या दशकापासून जगभर पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. त्याने कन्व्हर्टर निकामी व्हायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे श्वासातून ते माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या शरीरात जायचं.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसंमुक्त पेट्रोल आलं. दिल्लीच्या हवेसाठी एम. सी. मेहता यांनी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या मागे लकडा लावला होता. सगळ्या देशात शिसंमुक्त पेट्रोल यायला मात्र १ फेब्रुवारी २००० उजाडला. म्हणजे मुंबईला साफ पेट्रोल मिळालं, त्यानंतर जवळपास ५ वर्षांनी सगळ्या देशाची पाळी आली. पुढे १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं.

हे वाचत असताना मला बाबा आठवले. पाइप तोंडाने ओढून टाकीतलं पेट्रोल काढणारे, पेट्रोलनेच हात धुणारे. त्यांना विचारलं, शिसं आहे हे कोणी सांगितलं होतं का? म्हणाले, "मले कोन सांगन?"

अंगणातली दुरुस्ती

आता कामाचं. मोबाईलला जोडणारा छोटा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. कोड आला पी ०१३५, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचा हीटर. कन्व्हर्टरचा कोडच नव्हता. आधी फ्यूज पाहिला, ठीक होता. मग मल्टिमीटर लावला. चांगल्या हीटरला काही ओहम दाखवतो, आमचा पूर्ण तुटलेला.

मी पाना उचलला तर बाबांनी थांबवलं. "आधी आयक. जॉइंटमधून हवा ओढत असन तं नवा सेन्सरबी खोटंच सांगन." थंड इंजिन चालू करून त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं सायलेन्सरच्या जॉइंटांवर फिरवलं. गळती नव्हती. "कर आता."

गाडी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो. सायलेन्सर गरम असताना हात घालू नका, कातडी सोलते. कनेक्टर सोडवला, २२ चा पाना, एक जोरदार हिसका. नवा सेन्सर बसवताना त्याच्या टोकाला ग्रीस, तेल किंवा सिलिकॉन लागू देऊ नका आणि तो खाली पाडू नका, आतली चिनी मातीची नळी तडकते. आधी हाताने आटे धरा, मग पाना. कन्व्हर्टरच्या आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे बघूनच ऑर्डर करा. आणि हा दिवा लागला तर महिनोन्‌महिने टाळू नका. जास्तीचं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरच जाळतं, मग तो मोठा आकडा खरोखरच भरावा लागतो.

कोड पुसला, गाडी चालू केली. मोबाईलवर रेघ हलू लागली, वर, खाली, वर, खाली. पेट्रोल जास्त, हवा जास्त, पुन्हा जास्त. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे तं मी स्क्रूनं करत होतो तेच हाय. मी एकदा करून सोडून द्याचो, हे सोडत नाही."

आठवड्याने पीयूसी पास झाली. भाऊ पुन्हा गाडी घेऊन शिफ्टला जातो, आणि तो निघाला की बाबा अजूनही ओट्यावरून आवाज ऐकतात. तुमच्या घरीही असा कान असलेलं कोणी असेल तर स्कॅनर लावायच्या आधी त्यांना एकदा विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.