युक्तिवाद, न्यायालयीन (दारूबंदी खटल्यांच्या संदर्भात)

वस्तुस्थितीला कायद्याचे कलम लावून निष्कर्ष काढण्याची आणि समोरच्याने काढलेला निष्कर्ष तपासण्याची रीत. पाठ्यपुस्तकांत ती नियम, घटना, निष्कर्ष अशा क्रमाने शिकवतात; कोर्टात तो क्रम क्वचितच इतका सरळ राहतो.

वर्धा जिल्ह्यात ही रीत शिकायला हाताशी असलेले साहित्य म्हणजे दारूबंदीचे खटले. सेवाग्राम आणि पवनारचा हा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीखाली आहे. शेजारच्या नागपूर, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांत मात्र दारू परवान्याने विकली जाते. त्यामुळे बाहेरून पव्वे येतात, नाल्याकाठी मोहाचा सडवा सापडतो आणि पोलिसांच्या कागदांत ‘कलम ६५(ई) मदाका’ ही नोंद पुन्हा पुन्हा दिसते. ‘मदाका’ म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, मूळचा १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. प्रकरणे लहान, पुरावा मोजका. नवख्या वकिलाला युक्तिवादाचा सांगाडा इथे जितका उघडा दिसतो तितका जमिनीच्या दाव्यात दिसत नाही.

एक साधे विधान घ्या: आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता, म्हणून त्याने बंदी मोडून दारू प्यायली. भारतीय न्यायदर्शनाच्या पंचावयवी वाक्यात ते बसवले की प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान, म्हणजे साध्य) आणि हेतू (त्याचे कारण) लगेच सापडतात. अडचण येते ती व्याप्तीत, म्हणजे ‘जिथे वास, तिथे निषिद्ध मद्य’ या सार्वत्रिक नियमात. अल्कोहोल असलेल्या औषधानेही वास येतो. हेतू आहे आणि साध्य नाही असे एक उदाहरण मिळाले तरी हेतू सव्यभिचारी ठरतो. नैयायिकांनी धूर आणि अग्नीवर घासूनपुसून लख्ख केलेले हे हत्यार फौजदारी उलटतपासणीत जसेच्या तसे चालते.

ते चालले त्याचा दाखला मुंबईचा आहे. एफ. एन. बलसारा यांनी व्हिस्की-ब्रँडीपासून ओ-द-कोलोनपर्यंत सगळे बाळगण्याचा हक्क मागत कायद्यालाच आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी कायदा मुख्यतः उचलून धरला. पण अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी रद्द केली. चारच दिवसांनी, २९ मे रोजी, बेहराम पेसिकाका यांच्या जीपने कुलाब्यात तिघांना धडक दिली. गृहस्थ प्रादेशिक परिवहन अधिकारी होते, हा योगायोग नजरेआड करू नये. तोंडाला वास होता, पण बोलणे सुसंगत होते, सरळ रेषेत चालताही येत होते. आपण बी. जी. फॉस हे औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव.

मॅजिस्ट्रेटने सोडले. औषध घेतल्याचे आरोपीनेच सिद्ध करायला हवे होते, असे म्हणून उच्च न्यायालयाने दोषी धरले. वाद वासाचा उरलाच नाही. सिद्ध करायचे कोणी, एवढाच उरला. १९५४मध्ये सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या बहुमताच्या निकालाने उत्तर दिले: कायद्याचा जो भाग घटनाबाह्य ठरला तो आता नाहीच असे समजायचे, तेव्हा प्यालेला पदार्थ बंदीच्या उरलेल्या भागात मोडतो हे सरकार पक्षानेच दाखवले पाहिजे. न्यायमूर्ती दास यांनी भिन्नमत नोंदवले. विद्यार्थी ते सहसा चाळून सोडून देतात आणि तिथेच नुकसान करून घेतात, कारण बहुमताच्या मांडणीतला कोणता सांधा जोर सोसतो हे विरोधी मत वाचल्यावरच कळते.

विधिमंडळाने यावर आपला युक्तिवाद दुरुस्तीच्या रूपात केला. १९५९मध्ये कलम ६६(२) आले: रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा जास्त असल्याचे सिद्ध झाले, की प्यायलेले ते औषध होते हे दाखवण्याचा भार आरोपीवर. मग वाद वासावरून बाटलीवर सरकला. दारूच्या नव्हे, रक्ताच्या. धुळ्याच्या उखा कोल्हे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये म्हटले की कलम १२९-अ खालची वैद्यकीय व रक्ताची तपासणी हा पुराव्याचा एकमेव मार्ग नाही. मात्र नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात, कोणत्या सीलखाली होता, हा प्रश्न त्याच खटल्यात ऐरणीवर होता. पुराव्यातली ही फट भरायला पुन्हा पहिल्यापासून खटला चालवू नका, अपिलातच जादा पुरावा घ्या, असा आदेश झाला.

पुराव्याची तीच साखळी वर्ध्यातल्या ताब्याच्या प्रकरणांत वेगळ्या वेषात भेटते. समजा, घराच्या पडवीतून वीस पव्वे जप्त झाले. सरकार पक्षाचे म्हणणे: घर आरोपीचे, म्हणून माल आरोपीचा. बचावाचा वकील या ‘म्हणून’वर बोट ठेवतो. घरात आणखी कोण राहते? पडवीला दार आहे का, कुलूप होते का, किल्ली कोणाकडे मिळाली? पंच घटनास्थळी होता की तयार पंचनाम्यावर ठाण्यात सही करून गेला? वीसपैकी किती बाटल्यांतून नमुने काढले आणि सी. ए. (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टमधल्या सीलचे वर्णन पंचनाम्याशी जुळते का? सरकारी वकिलाला हेच प्रश्न आदल्या दिवशी स्वतःला विचारावे लागतात. पंच फितूर झाला तर छापा घालणाऱ्या अंमलदाराच्या साक्षीवर भिस्त ठेवता येते. पोलिसाची साक्ष केवळ पोलिसाची म्हणून फेकून देता येत नाही, पण ती बारकाईने तपासली जाते. जो म्हणतो त्याने सिद्ध करावे हा नियम पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १०१ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये आहे.