बास म्हणजे पुरे नव्हे

मराठीत ‘बास’ म्हणजे पुरे, आता थांबा. वाढणाऱ्याने आग्रहाने तिसरी पुरणपोळी पानाजवळ आणावी आणि पाहुण्याने दोन्ही हात पानावर आडवे धरून म्हणावे, तो हा शब्द. परंतु गाण्याबजावण्याच्या धंद्यात याच उच्चाराचा दुसरा एक शब्द नांदतो आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. तिथे बास म्हणजे सर्वांत खालचा सूर. तो लागल्यावाचून वरच्या मंडळींचा पाय जमिनीवर ठरत नाही. हा सूर धरणारा माणूस रंगमंचावर बहुधा मागच्या रांगेत, ढोलकीवाल्याच्या शेजारी उभा असतो. त्याला कोणी फर्माईश करीत नाही. इतिहासानेही त्याची फारशी विचारपूस केलेली नाही. दिवाळीच्या निवांतपणात आज त्याचीच थोडी हकीगत सांगावयाची आहे, आणि त्यासाठी आपण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शेजारशेजारच्या तीन गावांकडे जाणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खालचा सूर ही काही साहेबाने बोटीतून आणलेली वस्तू नव्हे. आपल्या तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. गवई तिच्याच आधाराने सप्तकाच्या पायऱ्या चढतो. तबल्याशेजारचा डग्गा घुमला नाही तर तबला नुसता टकटक करतो. सनईच्या ताफ्यात तर एक माणूस केवळ सूर धरण्यासाठीच बसलेला असतो. मुख्य सनईवाला मांडवभर दाद मिळवीत असताना हा गाल फुगवून एकच स्वर तासन्‌तास पुरवितो. तो थांबला की मात्र मांडवातल्या अडाण्यालाही काहीतरी नाहीसे झाल्याचे कळते. बास वाजविणारा हा त्याच घराण्यातला माणूस. फरक एवढाच की सनईचा सूर जागचा हलत नाही आणि बासला गाण्याबरोबर पावले टाकावी लागतात.

आता या तीन गावांची ओळख करून घेऊ. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली ती बोरघाटाच्या पायथ्याकडे सरकली. त्या वाटेवर अंबरनाथ होते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची जत्रा ही त्याची जुनी ओळख. पुढे बदलापूर, घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. उल्हासनगर मात्र या दोहोंच्या मानाने अगदी अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे तिथल्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच अशी गणती आजही लोकांच्या तोंडी आहे. अंबरनाथला विमकोच्या काडेपेट्यांच्या आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी कामगारवस्ती वाढविली.

वादकाच्या दृष्टीने या भूगोलाचा अर्थ काय? अर्थ असा, की दहापंधरा किलोमीटरांच्या पट्ट्यात त्याला तीन-चार प्रकारचे यजमान मिळाले. सिंधी घरात लग्न निघाले की लाडा ही लग्नगीते आली, चेटीचंडच्या मिरवणुकीत ढोल-सनईवर छेज नाच आला. आगरी गावात हळदीची रात्र म्हणजे गाण्याची रात्र. कारखान्यांच्या वसाहतींत सार्वजनिक गणपती आणि नवरात्र. सोमवारी एका भाषेत वाजवावे, बुधवारी दुसऱ्या. खालचा सूर मात्र तोच. सिंधी, आगरी, घाटावरून आलेला कामगार हे एकमेकांच्या बोलीत अडखळले असतील, पण एकाच बासवर त्यांचे पाय हलले.

हे पाश्चात्य बासवाद्य आपल्याकडे आले ते दोन वाटांनी. पहिली वाट पलटणीची. इंग्रजी फौजेच्या बॅंडमधून पितळी वाद्ये वरातीत आली. मेरठला ती घडविण्याचा धंदा उभा राहिला. तिथल्या नादिर अली आणि कंपनीची सुरुवात १८८५ ची. या बॅंडमध्ये खालचा सूर सांभाळतो तो युफोनियम किंवा त्याहून मोठे कर्ण्याचे वाद्य. ते छातीशी धरून, गाल फुगवून, डांबरी रस्त्यावर मैलभर चालावयाचे आणि पुढे नाचणाऱ्यांनी पाऊल थांबविले की आपणही तिथेच थबकावयाचे!

दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण मिळे. ती शिदोरी घेऊन मुंबईस आलेल्या वादकांनी हॉटेलांतला नाच आणि चित्रपटांचे संगीत दोन्ही उभे केले. ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीताला चिक चॉकलेट यांच्या वादकांची साथ होती. या वाद्यवृंदांतील डबल बास म्हणजे पुरुषभर उंचीचे वाद्य. ते लोकलच्या डब्यात चढवावयाचे म्हणजे आजारी मामंजींना तीर्थयात्रेस नेण्यासारखे. जागा दोघांची आणि काळजी दहाजणांची.

‘अलबेला’ १९५१ चा. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने विजेचा बास बाजारात आणला. सतारीला असतात तसे पडदे त्याने या वाद्याच्या मानेवर बसविले, त्यामुळे स्वर अचूक लागू लागला. म्हणून नावही ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. वाद्य गिटारीसारखे गळ्यात अडकविता येऊ लागले. पुरुषभर उंचीचे ओझे खांद्यावरच्या पिशवीत मावले, आणि उपनगरातल्या वादकाला ही विद्या आवाक्यात आली. आपल्याकडे तो आवाज घरोघर पोहोचविला तो राहुलदेव बर्मन यांच्या संगीताने. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र अशा वादकांची नावे सहसा नसत. ग्रेगरी बूथ या संशोधकाने पुष्कळ वादकांना गाठून त्यांच्या तोंडची हकीगत २००८ साली ग्रंथरूपाने छापली, तेव्हा त्यांतील कित्येकांची नोंद झाली.

ओझे मात्र पुरते गेले नाही, ते दुसऱ्या पेटीत गेले. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या ध्वनीची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. इतकी मोठी लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा हलवावी लागते. शिवाय आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. म्हणून गायकाला लहान कर्णा पुरतो, पण बासवाल्याला दहा-पंधरा इंची स्पीकरची जड पेटी आणि जादा ताकदीचा अॅम्प्लिफायर लागतो. ट्रान्झिस्टरच्या चिमुकल्या कर्ण्यातून हा सूर नीट निघतच नसे. हळदीच्या मांडवात तो समोरून आला की लोकांना ओळखीच्या गाण्याच्या पोटात काहीतरी नवेच धडधडल्यासारखे वाटे.

विलायती वाद्य परवडेना, तेव्हा कलकत्त्याच्या गिवसनसारख्या देशी बनावटीने पुष्कळांची गरज भागविली. तारा महाग, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळून, त्यातला घाम-मळ काढून पुन्हा चढविण्याची युक्ती बासवाल्यांमध्ये जगभर चालते. पावसाळ्यात लाकडाची मान वाकते, ती आतली लोखंडी सळई पिळून सरळ करावयाची. धंद्यातली बाकी हत्यारे डोक्यात असतात. गायिकेचा गळा त्या दिवशी बसला आणि तिने ‘काळी चार नको, काळी दोन घ्या’ म्हटले, की तत्क्षणी सगळे गाणे तेवढे खाली न्यावयाचे. ढोलकीचा डग्गा जिथे बोलतो तिथे आपण गप्प राहावयाचे; दोघे एकदम बोलले तर चिखल होतो. केव्हा वाजवू नये हे ज्याला कळले, त्याला निम्मी विद्या आली.

पोटापाण्याचे म्हणाल तर सुपारी हंगामी. लगीनसराई, गणपती, नवरात्र हे सुगीचे दिवस. आषाढ आणि पितृपंधरवडा कोरडे. म्हणून असा वादक बहुधा दिवसा दुसरे काही करतो. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी मुलांना गिटार शिकवितो. कार्यक्रम आटोपला की इतर मंडळी जेवावयास बसतात आणि हा अजून वायरी गुंडाळीत असतो. शेवटची गाडी चुकली तर फलाटावर पेटीला टेकून पहाटेची वाट पाहावयाची.

या माणसाच्या पोटावर पाय आला तो मोठ्या गमतीदार रीतीने. बासवाद्याऐवजी वापरावे म्हणून रोलॅंड या जपानी कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाचे यंत्र काढले. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हता. यंत्र खपेना आणि कंपनीने ते १९८४ साली बंद केले. पण १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने त्याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्य रसिक चकित झाले. यंत्राची नक्कल न करता त्याला आपला राग शिकविणारा तो माणूस होता.

मांडवांतून मात्र हिशेब साधा झाला. कीबोर्डवाल्याचा डावा हात बासचे काम करू लागला. एक माणूस, एक बिदागी वाचली. पुढे डीजेच्या भिंती आल्या. आता खालचा सूर इतका झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि तो वाजविणारा कोणी नाही! २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत सविस्तर निर्णय दिला. पण हे मोजमाप कानाच्या कलाने होते आणि त्यात खालच्या सुरांचे वजन कमी धरले जाते. भिंत हलविणारा धक्का कागदावर सौम्य दिसू शकतो.

नियम हवेतच; परंतु खरे नियमन पूर्वी मागच्या रांगेतला तो माणूस करीत होता. म्हातारी आजी पुढच्या खुर्चीवर बसली आहे, गायिकेचा श्वास संपत आला आहे, मूल आईच्या मांडीवर झोपले आहे, हे त्याला दिसे आणि त्याचे बोट हलके होई. भिंतीला डोळे नसतात. आपण गमावीत आहोत तो आवाज नव्हे, तर आवाजाला आवर घालणारा शहाणपणा. या तीन गावांनी अनेक प्रांतांच्या, अनेक बोलींच्या माणसांना शेजारी बसविले. त्यांच्या उत्सवांना एक पाया देणारे हात आज हळूहळू रिकामे होत आहेत.

तेव्हा वाचकहो, दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की मांडव पुन्हा उभे राहतील. घरच्या कार्याची सुपारी देताना एवढे विचारा, की तुमच्यात बास वाजविणारा माणूस आहे का? असेल तर त्याला चार रुपये अधिक द्या, वेळेवर जेवावयास बसवा. तिसरी पुरणपोळी वाढताना तो हात आडवे धरून ‘बास’ म्हणेल, तेव्हा त्याचे मुळीच ऐकू नका.