‘मागणी केल्यास’ : अंगझडतीच्या कायद्यातील दोन शब्दांचा इतिहास

‘घरझडती’ आणि ‘अंगझडती’ हे दोन शब्द मराठी व्यवहारात निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहेत. अंमली पदार्थांविषयीच्या भारतीय कायद्यात मात्र या भेदास महत्त्व येण्यास दीर्घ काळ लागला. १८७८ च्या अफू अधिनियमाने अधिकाऱ्यांस झडतीचे व्यापक अधिकार दिले होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जागेच्या झडतीसमयी वस्तीतील किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी साक्षीस बोलाविण्याचे बंधन घातले. आपल्याकडील पंच ते हेच. घरमालकास हजर राहण्याची व यादीची प्रत मिळण्याची मुभा होती. पण ज्याच्या अंगावर हात घालावयाचा, त्याला विचारावयाचे असे काही नव्हते.

ही उणीव १९८५ च्या अंमली पदार्थ अधिनियमाच्या कलम ५० ने भरून काढली. या अधिनियमान्वये बहुतेक गंभीर अपराधांस किमान दहा वर्षांची सक्तमजुरी सांगितली होती, आणि खिशात सापडलेली पुडी हाच बहुधा सारा पुरावा असे. म्हणून, संशयिताने मागणी केल्यास त्यास जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे वा दंडाधिकाऱ्यापुढे नेऊन झडती घ्यावी, असे कलमाने ठरविले. पुढील सर्व वादाचे बीज ‘मागणी केल्यास’ या दोन शब्दांत आहे. ज्याला अधिकार ठाऊकच नाही, तो मागणी करणार कशी? अधिकार कळविण्याविषयी कलम मौन पाळते.

हे मौन सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बलबीर सिंग खटल्यात मोडले. अधिकाराची जाणीव करून देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय, असे तेथे ठरले. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ही जाणीव लेखीच दिली पाहिजे असे नाही. परंतु ती न देता घेतलेल्या अंगझडतीत मिळालेला माल हा बेकायदा ताब्याचा पुरावा मानता येणार नाही, आणि केवळ त्यावर आधारलेली शिक्षा टिकणार नाही. १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात याच न्यायालयाने अवैध झडतीतील पुरावाही ग्राह्य मानला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते.

तथापि ‘जाणीव देणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरलाच. गोव्यातील जोसेफ फर्नांडिस खटल्यात अधिकाऱ्याने, इच्छा असल्यास अशा अधिकाऱ्यापुढे झडती होऊ शकेल, एवढेच म्हटले होते. तेवढे पुरेसे ठरले. येथे भाषेच्या अभ्यासकाने थबकावे. ‘तुझी इच्छा असल्यास’ हे सौजन्याचे वाक्य आहे, ‘तुला अधिकार आहे’ हे कायद्याचे. पोलिसांच्या गराड्यात उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या वाक्यातून अधिकाराचा बोध होईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात पाच न्यायाधीशांनी ‘स्थूलमानाने पालन’ ही सबब नाकारली, ते उचितच झाले. २०१४ च्या परमानंद खटल्यात दोघा संशयितांस एकत्रित सूचना देऊन एकानेच दोघांच्या वतीने सही केली होती. अधिकार ज्याचा त्याला स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरीकडे या संरक्षणाची कक्षा आखूडही झाली. २००१ च्या दुरुस्तीने, संशयितास नेताना माल हातचा जाण्याचा संभव असल्यास अधिकाऱ्यास तेथेच झडती घेण्याची मोकळीक मिळाली. कारणे मात्र लिहून ७२ तासांत वरिष्ठांकडे धाडावयाची. २००५ मध्ये पवन कुमार खटल्यात हातातील पिशवी ही ‘व्यक्ती’ नव्हे असे ठरले, आणि २०२३ च्या रंजन कुमार चढ्ढा खटल्याने तेच दृढ केले. म्हणजे सदऱ्याच्या खिशातील पुडीस कलम ५० चे कवच आहे, खांद्यावरील झोळीतील पुडीस नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जागेच्या झडतीचे व मालाच्या जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. कलम ५० ची सूचना या दोहोंच्या आधी, बहुधा रस्त्यावर किंवा बसस्थानकावर, तोंडी दिली जाते. ती कोणत्या शब्दांत व कोणत्या भाषेत दिली गेली, हे अनेकदा अजूनही पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या साक्षीवरूनच ठरवावे लागते.