योगाच्या दारातून बाई आत कशी आली

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "रोज सकाळी पंधरा मिनिटं योगासनं करूया का?" एक मावशी लगेच म्हणाल्या, "ताई, दिवसभर खुरपतो, पाणी आणतो, धुणं धुतो. अजून कसला व्यायाम? योग म्हणजे साधूंचं काम, नाहीतर शहरातल्या बायकांचं." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मावशींचं बोलणं घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज हीच गोष्ट सांगते. योग बायकांचा कधी झाला आणि कोणामुळे झाला?

मावशींचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. हठयोगाचे जुने ग्रंथ मुख्यतः घरदार सोडलेल्या पुरुषांना समोर ठेवून लिहिलेले. साधारण पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत तर साधकाने सुरुवातीला स्त्रीचा सहवास टाळावा, असाच सल्ला आहे. आपल्याकडे मुक्ताबाई होऊन गेली. योगी चांगदेवांनी तिला गुरू मानलं, असं परंपरा सांगते. आपण मुक्ताबाईचं नाव आदराने घेतो. पण घरोघरच्या लेकीसुनांच्या वाट्याला मात्र जातं आणि चूलच आली.

हे बदलायला सुरुवात झाली ती साधारण शंभर वर्षांपूर्वी. नर्मदेच्या काठी मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी राहत. त्यांच्याकडे मणिभाई देसाई नावाचा तरुण शिकला. गुरूंच्या मागे त्याने संन्यासी व्हावं, अशी अपेक्षा होती. तो मात्र परत आला, संसारात राहिला, आणि घरात राहणाऱ्या माणसालाही योग जमतो असं म्हणू लागला. हेच पुढे श्री योगेंद्र म्हणून ओळखले गेले. २५ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी मुंबईत वर्सोव्याच्या समुद्रकाठी योग संस्था सुरू केली. माधवदासांचेच दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांनी तपासायला घेतलं.

योग संसारात आला, म्हणजे बाईच्या घरात आला. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी स्वतः योग शिकल्या, आणि १९३४ साली त्यांनी खास स्त्रियांसाठी योगाच्या व्यायामाचं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. विचार करा, १९३४ साल! बाईने बाईला सांगायचं, की तुझ्या शरीराकडे तू स्वतः लक्ष दे. तेव्हा ही छोटी गोष्ट नव्हती.

दुसरी गोष्ट पुण्याची. योग संस्था निघाली त्याच्या अकराच दिवस आधी, १४ डिसेंबर १९१८ रोजी, कर्नाटकातल्या बेल्लूर गावी एका शाळामास्तरांच्या घरी मुलगा जन्मला. फ्लूची मोठी साथ होती, आईही त्यात आजारी. मूल जन्मापासून अशक्त. पुढे हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळं भोगून झालं. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. बहिणीचे यजमान कृष्णमाचार्य हे म्हैसूरला योग शिकवत. त्यांच्याकडे हा मुलगा योग शिकला. हेच बी. के. एस. अय्यंगार.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो. १९३६ च्या सुमारास गुरू आणि शिष्य उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकं दाखवत फिरत होते. तिथल्या काही बायका म्हणाल्या, आम्हालाही शिकायचंय. आता बायकांना शिकवणार कोण? सगळ्यांत लहान म्हणून या पोराला पुढे केलं. म्हणजे अय्यंगारांच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये बायकाच होत्या. आणि त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यांनी स्वतः मागितलं होतं. १९३७ साली ते सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले.

१९४३ साली त्यांचं रमामणीबाईंशी लग्न झालं. त्यांना योग अजिबात येत नव्हता. नवऱ्याकडून त्या शिकल्या, आणि पुढे नवऱ्याचं आसन कुठे चुकतंय, हे त्याच सांगू लागल्या. सहा मुलांचा संसार सांभाळून! पुण्यात योगसंस्था बांधायचं ठरलं, तेव्हा १९७३ च्या जानेवारीत भूमिपूजन त्यांच्या हातून झालं. त्यानंतर काही दिवसांतच त्या वारल्या. १९७५ साली इमारत उभी राहिली, तिला त्यांचंच नाव आहे.

त्यांची थोरली मुलगी गीता. लहानपणी तिला मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला. वडिलांनी तिला योगाला लावलं आणि ती त्यातून उठली. (हे ऐकून कोणी चालू औषध बंद करू नका बरं. तो निर्णय डॉक्टरांचाच.) गीताताईंनी लग्न केलं नाही, आयुष्यभर शिकवलं. पाळीच्या दिवसांत काय करावं, काय टाळावं, गरोदरपणात, बाळंतपणानंतर, पाळी जाताना शरीराला काय लागतं, हे त्यांनी नीट मांडलं. १९८३ साली स्त्रियांसाठीचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. ज्या विषयावर आपण आईशीसुद्धा कुजबुजत बोलतो, तो त्यांनी उघडपणे शिकवला. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात वडिलांची जन्मशताब्दी साजरी झाली आणि दोनच दिवसांनी गीताताई गेल्या.

आता मावशींच्या उरलेल्या निम्म्या म्हणण्याकडे येते. शेतातलं काम कष्टाचं आहेच. पण खुरपताना, लावणी करताना आपण दिवसभर पुढेच वाकतो. पाठ मागे कधी वळते? हात डोक्यावर जातात ते ओझं धरायला. श्वास सावकाश घ्यायला कोण थांबतं? काम शरीराकडून घेतं, योग शरीराला थोडं परत देतो. एवढाच फरक.

माझं स्वतःचं सांगते. गावोगावच्या बैठका, एसटीचा प्रवास, रात्री वही पूर्ण करायची. कंबर धरली म्हणून तीन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेकडे सोपी आसनं शिकले आणि पहाटे ओसरीवर सतरंजी टाकली. सासूबाई म्हणाल्या, "आधी चूल पेटव." मी पंधरा मिनिटं लवकर उठायला लागले. सुगीत दोन महिने खंड पडला. मग पुन्हा सुरुवात केली. कंबर हलकी झाली, पण त्याहून मोठा फरक वेगळाच पडला. एका ताईंचे तीन हप्ते थकले होते. तिला गटातून काढा, असा बैठकीत गलका झाला. पूर्वी मीच सगळ्यांत आधी ओरडले असते. त्या दिवशी दोन श्वास थांबले आणि विचारलं, "ताई, घरी काय झालंय?" ती रडायलाच लागली. नवरा दोन महिने अंथरुणाला खिळलेला होता. गटाने मुदत वाढवून दिली. आज तिचं कर्ज फिटलंय, आणि ती गटातच आहे. हे सगळं योगाने झालं असं मी म्हणणार नाही. पण ते दोन श्वास मला त्या ओसरीवरच मिळाले.

बचतीचं आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिल्या महिन्याची रक्कम बघून हसू येतं, पण खंड पडला नाही तर वर्षाने वही वेगळं बोलते. योगाचंही तसंच आहे. रोज थोडं, पण रोज. गरोदर असाल, रक्तदाब असेल, मणक्याचा त्रास असेल, तर आधी आरोग्य केंद्रात विचारा, आणि जाणत्या माणसासमोर शिका.

मावशींना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बायकांनी मागितलं, म्हणून मिळालं तर." मी म्हटलं, "हो मावशी." पुढच्या सोमवारी पहाटे समाजमंदिरात आम्ही सात जणी जमलो. सगळ्यांत आधी मावशी आल्या होत्या, स्वतःची सतरंजी घेऊन. तुमच्या गावात किती जणी जमल्या, ते कळवा.