खडकावरचे नाव, चित्रावरचे नाव

‘ग्राफिटी’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चटकदार ओळीमुळे ठाऊक झाला. मूळ शब्द इटालियन, अर्थ ओरखडा. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरीच्या भिंतींवर रहिवाशांनी खिळ्याने आणि कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्याला अभ्यासकांनी हे नाव दिले. पुढे न्यूयॉर्कच्या रेल्वेडब्यांवर फवारलेल्या रंगांनाही तेच चिकटले आणि ‘ही कला की नासधूस’ हा वाद सुरू झाला. वाचकहो, या वादात आपण फार घाईने बाजू घेतो. अक्षर सुबक असले की कला, गिचमिड असले की नासधूस. जुने असले की ठेवा, कालचे असले की गुन्हा. मला या दोन्ही कसोट्या अपुऱ्या वाटतात. लिहिणाऱ्या हाताखाली आधी काय होते, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. त्यासाठी न्यूयॉर्कला जायचे कारण नाही, श्रवणबेळगोळ पुरेसे आहे.

तिथे दोन डोंगर आहेत. मोठ्या विंध्यगिरीवर गोमटेश्वर उभे आहेत. समोरचा लहान डोंगर म्हणजे चंद्रगिरी, स्थानिक बोलीत चिक्कबेट्ट. चंद्रगिरीचा उघडा खडक म्हणजे एक वहीच आहे. तेथील सर्वांत जुना लेख इ. स. ६०० च्या सुमाराचा. सल्लेखना घेऊन देह ठेवलेल्या मुनींची आणि आर्यिकांची स्मरणे तिथे ओळीने कोरलेली आहेत. त्यांच्या आसपास, कुणी न सांगता, यात्रेकरूंनी आपापली नावे कोरली. बहुतेक ठिकाणी नुसते नाव, फार तर पुढे एक ‘श्री’. त्यातले एक नाव आहे ‘श्री कविरत्न’. हा आपल्या मुधोळचा रन्न. घराणे बांगड्या विकणारे, पण गंगांचा सेनापती चावुंडराय याच्या आश्रयाने तो शिकला आणि ९९३ मध्ये ‘अजितपुराण’ लिहून कन्नडच्या थोर कवींत जाऊन बसला. चंद्रगिरीवरची ती अक्षरे त्याच्याच हातची असावीत, असे अभ्यासक मानतात. घोरपड्यांचे मुधोळ म्हणून ते गाव आपल्याला परिचित. पण तिथल्या कवीने हजार वर्षांपूर्वी डोंगरावर चढून दगडावर आपले नाव खरडले, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही.

म्हैसूर राज्यात बी. एल. राईस यांनी १८८९ मध्ये इथले १४४ लेख छापले. आर. नरसिंहाचार यांच्या १९२३ च्या आवृत्तीत ही संख्या ५०० वर गेली. राजांची दानपत्रे आधीच नोंदलेली असताना नरसिंहाचारांनी हे किरकोळ नावांचे लेखही तितक्याच निगुतीने टिपले, याचे मला मोठे कौतुक वाटते. होमिओपॅथीच्या डॉक्टरला पहिला धडा हाच मिळतो, की रुग्ण जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिही. क्षुल्लक वाटले म्हणून गाळू नकोस. या किरकोळ नावांतूनच कळते, की उत्तरेकडचे यात्रेकरू शतकानुशतके इथवर येत होते. त्यांचे लेख नागरीत आहेत, काही तर महाजनी लिपीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या चोपडीतल्या अक्षरांत. कुठून कुठे चालत आलेला तो व्यापारी! राजाच्या ताम्रपटात त्याला कुणी जागा दिली असती?

अशीच गोष्ट मुंबईजवळच्या कान्हेरीची. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली व आपल्या वडिलांची नावे आणि तिथी तेवढ्या लिहून ठेवल्या. लेणे बौद्धांचे, पाहुणे अग्निपूजक. पारशांच्या पश्चिम किनाऱ्यावरील वास्तव्याचा इतका नेमका पुरावा त्या काळातून क्वचितच मिळतो.

आता अजिंठ्याकडे चला. मद्रासच्या लष्करातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता त्याला लेण्यांचा माग लागला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने आपले नाव, पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. तीही एका रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर. तेव्हा लेण्यात ढिगारा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. त्यामुळे आज त्याचे नाव आपल्या डोक्याच्या वर दिसते. त्याच्या अक्षरांनी इतिहासाला एक तारीख दिली, हे खरे. पण ज्या चिताऱ्याने ते चित्र काढले, त्याला आपले नाव लिहिण्याची गरज वाटली नव्हती, आणि स्मिथला भिंतीवर दुसरी जागा शोधण्याची.

रन्न आणि स्मिथ यांच्यात माझ्या मते फरक पडतो तो इथे. दोघांनी नावच लिहिले, दोघांनाही परवानगी नव्हती. रन्नाने मोकळा खडक घेतला, स्मिथने दुसऱ्याचे काम. श्रीलंकेतल्या सिगिरियाला हेच वेगळ्या तऱ्हेने दिसते. तिथे आठव्या ते दहाव्या शतकातल्या पाहुण्यांनी खडकावरच्या सुंदर स्त्रीचित्रांना उद्देशून कविता लिहिल्या; सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. प्राचीन सिंहली भाषेचे ते मोठे धन आहे. त्या लिहिल्या कुठे? चित्रांवर नाही, खालच्या गुळगुळीत भिंतीच्या गिलाव्यावर.

यावर तुम्ही विचाराल, मग आज एखाद्या मुलाने किल्ल्याच्या कोऱ्या दगडावर बदामात दोन नावे कोरली तर चालेल का? चालणार नाही. रन्नाच्या काळी लिहिता येणारे मोजके, डोंगर चढून जाणारे त्याहून मोजके. आता सगळ्यांना लिहिता येते, ही आनंदाचीच गोष्ट. पण सुटीच्या एका दिवशी हजारो हात त्या दगडापाशी पोहोचतात. आम्हा होमिओपॅथांना मात्रेचे वेड असते, लोक त्यावर हसतात, तरी इथे मुद्दा मात्रेचाच आहे. कायद्यानेही तो ओळखला. १९५८ च्या पुरातन वास्तूंच्या कायद्यात विद्रूपीकरणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होता. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे आणि एक लाख रुपये झाली. गंमत अशी, की उद्या कुणी स्मिथचे नाव पुसायला गेला तर तोही या कायद्याखाली सापडेल. आणि बेळगावच्या किल्ल्यातल्या जिनालयाचे, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातले १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अख्खा लेखच उचलून नेला, त्याला नासधूस म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

आमच्या बेळगावात हा विषय पुस्तकी राहत नाही. पाटी कोणत्या लिपीत, यावरून इथे काळा रंग बाहेर निघतो. कधी या अक्षरांवर, कधी त्या. रंग फासणाऱ्याला ते भाषेवरचे प्रेम वाटते. माझ्या कसोटीने मात्र तो स्मिथच्या रांगेत बसतो, मग तो आपल्या बाजूचा असो वा समोरच्या.

आपण ज्या लेखाचा अभिमान बाळगतो तो गोमटेश्वरांच्या पायाशी आहे: ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. चावुंडरायाने ९८१ च्या सुमारास मूर्ती घडवली, ही त्याची ग्वाही. याच आशयाचे लेख तिथे कन्नडात आणि तमिळमध्येही आहेत. मराठी ओळीपाशी दुसरी मराठी ओळ आहे: ‘श्रीगंगराजें सुत्तालें करवियलें’. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचा प्राकार त्याने बाराव्या शतकात बांधला. ‘सुत्तालें’ हा शब्द कन्नड, क्रियापद मराठी. आपल्या बाजारात आजही अशी वाक्ये कानावर पडतात. दोन्ही मराठी ओळींचे वळण सारखे असल्याने त्या एकाच वेळी, गंगराजानेच कोरविल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल, तर स्वतःचा प्राकार नोंदवायला आलेल्या या सेनापतीने, मूर्ती उभी राहून सव्वाशेहून अधिक वर्षे झाल्यावर, आधी चावुंडरायाचे नाव मराठीत कोरविले आणि मग आपले.